‘वनस्पतीजन्य’ म्हणजे निर्धोक नव्हे

महोदय,

सुगंधी तेलांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला, पण ‘वनस्पतीतूनच काढलेली असल्याने अपायाचा प्रश्नच नाही, दोन थेंब थेट चेहऱ्याला चोळा’ या वाक्याशी थबकले. असं छापून येऊ नये, ही कळकळीची विनंती.

मला स्वतःला या तेलांचं वेड आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलाची अर्धी बाटली दोन उन्हाळे खिडकीत पडून होती. बूच काढलं तर सालीचा तो ताजा, डोळे उघडणारा वास गेलेला आणि टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प आलेला. तरीही ते मानेला लावलं. तिसऱ्या दिवशी कानामागून गळ्यापर्यंत लाल चट्टे उठले आणि आठवडाभर खाजेने झोप उडाली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली, तेव्हा हवा लागून बदललेल्या लिमोनीनचीच जागा लालबुंद झाली.

लिमोनीन हा त्या सालीच्या तेलातला मुख्य घटक. ताजा असताना तो फारसा त्रास देत नाही, पण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की त्यापासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं बनतात आणि तीच ॲलर्जी जागी करतात. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तसंच. आणि एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर सुटत नाही. गुलाबाच्या तेलासारखं महाग तेल (एका किलोला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात!) आपण थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं पुरवतो, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाची गोष्ट वेगळी. त्याची साल दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं रसायन असतं. ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. बर्गाप्टेन काढून टाकलेलं तेल मिळतं, तेच घ्यावं.

युरोपीय संघात ॲलर्जी आणू शकणाऱ्या २६ सुगंधी घटकांची नावं वेष्टनावर छापणं बंधनकारक होतं. २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या वर नेली. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्याहून अधिक आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्याहून अधिक घटक असेल, तर नाव द्यावंच लागतं. घटक फुलातून आला की प्रयोगशाळेतून, याने फरक पडत नाही. व्हॅनिलाच्या शेंगेतला व्हॅनिलिन आणि कारखान्यातला व्हॅनिलिन, रेणू एकच. ‘सुगंध’ एवढाच मोघम शब्द वाचून ॲलर्जी असलेल्या माणसाने काय ओळखायचं?

पुढच्या अंकात निदान एक चौकट द्यावी: चेहऱ्यासाठी सुगंधी तेलाचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवा, ते साध्या तेलात मिसळूनच लावा, बाटली गडद काचेची आणि घट्ट बुचाची घ्या, तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा आणि वास बदलला की ती टाकून द्या. त्या लेखावरून कुणी थेट दोन थेंब चोळायच्या आत ही चौकट यावी.

आपली नम्र,
एक वाचक