मंत्री महोदय, स्टेजवर दिलेल्या शब्दाचं काय झालं?

मा. पर्यावरण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या खात्याच्या नव्या हॅकेथॉनची, म्हणजे ३६ तास सलग बसून एखाद्या प्रश्नावर उपाय बनवायच्या स्पर्धेची, जाहिरात बघितली. पोस्टरवर फोटो आमच्याच टीमचा, विचारलंही नाही कोणी, तेही चालून गेलं असतं. पण खाली दिलेला प्रॉब्लेम स्टेटमेंट, नदीच्या पाण्याची गुणवत्ता सतत मोजणारं स्वस्त यंत्र, हा शब्दन् शब्द मागच्याच वेळचा आहे. ते यंत्र आम्ही बनवलं होतं, पहिलं बक्षीस तुमच्या हातून घेतलं होतं आणि तुम्ही माइकवर सगळ्यांसमोर सांगितलं होतंत की हे लवकरच नदीवर बसेल. ते यंत्र आज एका मित्राच्या कपाटात पडलंय साहेब.

जरा सविस्तर सांगते, कारण त्या दिवशी ऐकायला कोणाला वेळ नव्हता. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, आम्ही त्याला डीओ म्हणतो, दिवसभर सारखा नसतो. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं म्हणून दुपारी रीडिंग लिटरला ८-९ मिलिग्रॅमपर्यंत जातं, रात्री मात्र शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच तो खात राहतात आणि सांडपाणी मिसळणाऱ्या नदीत पहाटे तोच आकडा २ च्याही खाली येऊ शकतो. ५ च्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. आणि तुमचा माणूस पाण्याचा नमुना घ्यायला बाटली घेऊन येतो कधी, तर ऑफिसच्या वेळेत! म्हणजे कागदावर नदी ठणठणीत आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याची, टेस्ट तर ३ ते ५ दिवस चालते, तोवर कोणी काय सोडलं ते पाणी कुठच्या कुठे वाहून गेलेलं असतं. आमचं यंत्र रात्रभर मोजत राहतं, सोलरवर चालतं आणि लोरा नावाच्या लांब पल्ल्याच्या, कमी वीज खाणाऱ्या रेडिओवरून आकडे पाठवतं, मोबाईलचं नेटवर्क लागत नाही.

आता ३६ तासांत सगळं सुटतं असं नाही. प्रोब, म्हणजे मोजणारी कांडी, पाण्यात राहिला की टोकावर बुळबुळीत थर चढतो, रीडिंग हळूहळू सरकायला लागतं, मग तो पुसा, परत कॅलिब्रेट करा, म्हणजे माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घ्या, किती दिवसांनी करायचं हे नदीतच ठेवून कळणार, हॉलमध्ये बसून नाही. म्हणून तर परवानगी मागत होतो, पैसे नंतरची गोष्ट.

पण तुमच्या खात्यात गेलं की सांगतात नदी आमच्याकडे येत नाही, पाटबंधारेवाले म्हणतात प्रदूषण हा आमचा विषय नाही, आणि शेवटी एकाने टेंडरची अट दाखवली, तीन वर्षांचा अनुभव आणि टर्नओव्हर. कॉलेजातल्या पोरांकडे टर्नओव्हर कुठून येणार? तुमच्या शब्दावर मी हातात आलेली नोकरी घेतली नाही, घरचे अजून विचारतात काय झालं त्याचं, काय सांगू? टीम फुटली, दोघं परदेशी गेले. जंगलात करवतीचा आवाज ओळखणारे माइक बनवणारी टीम होती, सॅटेलाइट फोटोंवरून झाडतोड पकडणारी होती, सगळ्यांची हीच गत. माझ्या अंदाजाने दहातल्या नऊ प्रोजेक्टचं पुढे काही झालेलं नाही, आणि अंदाज म्हणतेय कारण खरा हिशोब कोणी ठेवलेलाच नाही.

राग याचा येतो की तुम्हा लोकांना सोल्यूशन नकोच आहे असं वाटायला लागतं. सतत मोजलं तर रात्री कोण काय सोडतंय ते दिसेल, मग कारवाई करावी लागेल. त्यापेक्षा दरवर्षी नवी पोरं बोलवा, रात्रभर जागवा, सर्टिफिकेट द्या आणि घरी पाठवा. हे आमच्या वयाच्या पोरांना फसवणं आहे, आणि नदीलाही.

आम्हाला एक जागा आणि एक वर्षाची परवानगी द्या. टेंडरच्या अटीतून विद्यार्थ्यांचे छोटे चाचणी प्रकल्प वगळा. आकडे रोज सगळ्यांना बघता येतील असे ठेवा, आमचं यंत्र चुकलं तर तेही दिसू दे. आणि नवा हॅकेथॉन घ्यायच्या आधी जुन्या विजेत्यांचं काय झालं ते जाहीर करा. उत्तर लेखी द्या, फोनवर नको, फोनवर खूप ऐकून झालंय.

आपली,
विजेत्या टीममधली एक