तात्यांना हात लावायचा नाही

कोल्हापूर,
13 जुलै 2025

प्रिय सुन्या,

तुझा निरोप मिळाला. चिऊनं सरड्यासाठी जेवणावर रुसवा धरलाय, वहिनी तुला बोलतायत आणि तू म्हणतोस, हे याड मीच लावलं. मान्य. मे महिन्यात तिनं आमच्या तात्यांना, म्हणजे मी पाळलेल्या रंग बदलणाऱ्या सरड्याला, शॅमेलियनला बघितलं, तिथंच काम बिघडलं. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

आधी कायद्याचं. आपल्या रानात जो शॅमेलियन दिसतो, माझी आजी ज्याला गुहिरा म्हणायची, त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तो घरात ठेवणं गुन्हा. गेल्या दिवाळीच्या सुमारास जोतिबाच्या वाटेवर एक गुहिरा डांबरावरून झुलत झुलत चालला होता. मादी असावी, अंडी घालायला त्या झाडावरून खाली उतरतात. दोघंजण हातात दगड घेऊन उभे, म्हणे विषारी आहे. अरे, त्याला विष नसतंच! काठीवर चढवून पलीकडच्या करवंदीच्या जाळीत सोडली. तुला गावाकडून कुणी असलं काही आणून दिलं तर घेऊ नकोस.

तात्या येमेन-सौदीकडच्या जातीचे, डोक्यावर उंच तुरा असलेले. इंग्रजीत ‘व्हेल्ड’ म्हणतात. ही जात ‘साइट्स’च्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे, त्यामुळं केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, देणाऱ्याचीही आणि तुझीही. कागद नसेल आणि स्वस्तात मिळतोय म्हणत असतील, तर तिथूनच मागं फीर.

आता खरं दुखणं. चिऊला तो खांद्यावर बसवून शाळेच्या मैत्रिणींना दाखवायचाय ना? मीही तेच केलं होतं. पहिल्या महिन्यात जो येईल त्याच्यासमोर तात्यांना बाहेर काढायचो. तालमीतली पोरं आली, काढले. शेजारच्या काकू आल्या, काढले. वरून मूठ घालून धरायचो. तात्या आ वासायचे, अंग फुगवायचे, काळेकुट्ट पडायचे आणि मी कौतुकानं सांगायचो, बघा, रंग बदलला! पंधरा दिवसांनी खाणं बंद. दिवसासुद्धा डोळे मिटून बसायला लागले. मग डॉक्टर शोधता शोधता नाकी नऊ आले. एका ठिकाणी तर ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. शेवटी ज्या डॉक्टरांनी बघितलं, ते एवढंच म्हणाले, याला काही झालेलं नाही, तुम्ही याला हात लावायचं सोडा.

झाडावर राहणाऱ्या जनावरावर वरून येतो तो शिकारी पक्षी. आपला हात त्याला तसाच दिसतो. तेव्हापासून पिंजरा साफ करायचा असेल तरच हात आत, तोही खालून, फांदीसारखा आडवा धरून. ते आपणहून चढले तर चढले. कधी एक पाय उचलून तसाच हवेत धरतात, पुढं-मागं झुलतात, विचार करतात आणि परत फिरतात. ओढायचं नाही. पायाची बोटं दोन-तीन अशी चिमट्यासारखी जुळलेली असतात, फांदी घट्ट धरलेली असताना खेचलं तर दुखापत होते.

रंगाचंही आपण उलटंच धरून बसलोय. पानात लपायला म्हणून रंग बदलतो असं नाही; राग, भीती, थंडी, मादी दिसणं, असं आतलं काहीतरी त्यात दिसतं. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं, की कातडीतल्या पेशींमध्ये बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की रंग पालटतो. आपण उगाच पुढाऱ्यांना सरडा म्हणतो. पुढाऱ्याच्या मनातलं कधी कळलंय का?

पिंजरा काचेचा नको. दोन बाय दोन आणि चार फूट उंच, चारी बाजूंनी जाळी. माझा शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियमची चौकट करून बनवून घेतला. खिडकीची प्लॅस्टिक जाळी लावली होती, ती रातकिड्यांनी आठवड्यात कुरतडली; धातूचीच लाव. आत मनीप्लांट आणि जास्वंद. रोपं नर्सरीतून आणलीस की धुऊन महिनाभर बाहेर ठेव, फवारलेली असतात. तात्या जास्वंदीची पानंही खातात.

पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही. मी ठेवलं होतं, आणि तात्यांचे डोळे खोल गेले. त्यांना पानावरून ओघळणारा थेंबच पाणी म्हणून कळतो. मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला, बाटली वर टांगली, दोन सेकंदाला एक थेंब. आमची ही म्हणाली, ‘तात्या ॲडमिट झाले वाटतं.’ शिवाय सकाळी आणि रात्री फवारा. आता आपल्या या पावसात हवाच ओली, तेव्हा फवारा कमी करायचा आणि दुपारपर्यंत पानं वाळू द्यायची, नाहीतर छातीचं दुखणं लागतं.

दिवे दोन. उबेचा, त्याच्याखाली तीस-बत्तीस अंश. एप्रिलमध्ये तो मी बंदच ठेवतो. दुसरी यूव्हीबी ट्यूब, उन्हातले अतिनील किरण देणारी, रोज बारा तास. ही नसली तर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडून पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून ऊन येतं म्हणशील, पण काच नेमका तोच किरण अडवते.

खायला रातकिडे, त्यांच्यावर कॅल्शियमची पूड. मोठ्या जनावराला एक दिवसाआड पुरे. चुलतभाऊ कागलहून उसातले टोळ पिशवीभर घेऊन आला होता, परत पाठवले. उसावर काय काय मारतात माहीत आहे ना. रातकिडे मी बादलीत अंड्यांचे ट्रे घालून पाळतो. एक सुटून फ्रिजमागं गेला आणि आठ रात्री ओरडत होता. वहिनींना हे आधी सांग, मग पुढचं ठरव.

आणि पाळायचाच झाला तर एकच. दोन ठेवलेस तर नुसते एकमेकांना बघूनच झिजतील. मादीही नको, नर नसला तरी ती अंडी धरते आणि अडली तर जिवावर बेततं.

चिऊला घेऊन श्रावणात ये. पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून देतो. एक डोळा तिच्याकडं, दुसरा रातकिड्यावर, आणि मग अंगापेक्षा लांब जीभ सुटते. डोळा लवला तर दिसत नाही. आठ दिवस रोज बसली आणि कंटाळली नाही, तर बघू.

येताना पुण्यात मिळाली तर टी-फाइव्ह यूव्हीबी ट्यूब आण, 5.0 ची, दोन फुटी. इथली सहा महिन्यांची होत आली. उजेड अजून झकास पडतोय, पण आतलं यूव्ही आधीच उतरतं. पैसे लगेच देतो, मागच्यासारखं करणार नाही.

तुझा,
बंड्या