रंगूनच्या मशिदीत दहावा माणूस : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी ठाण्यात राहणारा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण घरात, मालिद्याच्या म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाच्या ताटापुढे आणि भांडणातसुद्धा आमची भाषा हीच. आपल्या कार्यालयात कुणीतरी भाषांतर करून देईलच. काम रंगूनचे आहे. आता यांगून म्हणतात, पण आमच्या घरात ते रंगूनच राहिले.

२०१९च्या नोव्हेंबरात मी ब्रह्मदेशात गेलो तो खरे तर मंडालेसाठी. टिळकांनी सहा वर्षे जिथे काढली, ‘गीतारहस्य’ जिथे लिहिले, ती जागा एकदा पाहावी अशी शाळेपासूनची इच्छा. पण किल्ल्याचा बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात. परक्या माणसाने एका दाराने आत जायचे, राजवाडा बघायचा आणि आल्या वाटेने बाहेर पडायचे. हिरमुसलो आणि रंगूनला आलो. तिथे दुसरे काम होते.

माझ्या आजीचे एक चुलतभाऊ रंगूनला रेल्वेत नोकरीला होते. १९३१ साली तिथेच वारले. आजी सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, ‘मशीद’ म्हणायची, आमच्यातली जुनी माणसे तसेच म्हणत. “रंगूनच्या मशिदीत दादांसाठी कुणी कद्दिश म्हटलं असेल का रे?” हा तिचा प्रश्न मी लहानपणी अनेकदा ऐकला आहे. कद्दिश म्हणजे मेलेल्यांसाठी म्हणायची प्रार्थना.

ती मशीद, म्हणजे मस्मेह येशुआ सिनेगॉग, २६व्या गल्लीत आहे. आजूबाजूला रंगाची आणि हार्डवेअरची दुकाने, दुकानदार बहुतेक मुसलमान. १८५४मध्ये तिथे लाकडी बांधकाम होते, आजची इमारत १८९३ ते १८९६ या काळात उभी राहिली. उंच छत, बायकांसाठी वरचा सज्जा, मधोमध तेवा, म्हणजे तोरा वाचायचा चौथरा. एके काळी इथे १२६ सेफर तोरा, म्हणजे हातांनी लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, होत्या, असे सांगतात, आता दोन. महायुद्धापूर्वी ब्रह्मदेशात अडीच हजारांच्या आसपास यहुदी होते. बहुतेक बगदादी, म्हणजे इराककडून आलेले, थोडे कोचीनचे, थोडे आमच्या कोकणातले. १९४१च्या डिसेंबरात जपान्यांचे बॉम्ब पडले आणि बहुतेकांनी कलकत्त्याची वाट धरली. युद्धानंतर काही परतले. १९६२मध्ये लष्कर सत्तेवर आले, दुकाने-कारखाने सरकारजमा झाले, तेव्हा त्यांतलेही निघून गेले. आज उरली आहेत विसेक माणसे. एकाच घराण्याच्या पिढ्यांनी रोज सकाळी कुलूप काढले, म्हणून ती वास्तू उभी आहे.

मी गेलो तो शुक्रवार होता. शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो; त्याच्या नमाजाला आम्ही जमलो. आपल्याला ठाऊक असेल, आमच्याकडे दहा पुरुषांचा मिन्यान, म्हणजे प्रार्थनेपुरता जमाव, झाल्याशिवाय कद्दिश म्हणता येत नाही, तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. माणसे एक-दोन-तीन अशी मोजायचीही रीत नाही. स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणत एकेकाकडे बघत जायचे. तिथल्या वडीलधाऱ्यांनी ओळ सुरू केली आणि नवव्या शब्दावर थांबले. बायका धरल्या असत्या तर दहा सहज भरले असते. आमच्याकडे अजून धरत नाहीत, तो वाद वेगळा.

मग आम्ही दारात उभे राहिलो. एखादा इस्रायली, अमेरिकन प्रवासी पाठपिशवी घेऊन येईल म्हणून. समोरच्या रंगाच्या दुकानदाराला हे रोजचेच असावे. शटर ओढता ओढता तो हसून म्हणाला, “हम आ जाएँ क्या?” अर्धा तास वाट पाहिली. कुणी आले नाही. कद्दिश राहिला.

दुसऱ्या दिवशी शब्बाथ, म्हणून रविवारी ९१व्या गल्लीतल्या दफनभूमीत गेलो. सहाशेहून अधिक कबरी आहेत. बऱ्याच दगडांवरची हिब्रू अक्षरे पावसाने खाल्ली आहेत, काही दगड आडवे, काही मातीत गेलेले. दादा सापडले नाहीत. ही दफनभूमी शहराबाहेर हलवण्याचे घाट पूर्वी घातले गेले आहेत. ते तडीस गेले नाहीत, पण मोक्याची जमीन आणि मूठभर वारस हे गणित कुठे जाते ते आम्ही कराचीत पाहिले. तिथले मागेन शालोम सिनेगॉग १८९३मध्ये आमच्याच बेने इस्रायलींनी बांधले. कुलूप काढायला माणूस उरला नाही आणि १९८८मध्ये ते पाडून तिथे दुकानांची इमारत झाली.

रंगूनच्या मशिदीवर आमचा हक्क आहे का, असे कुणी विचारील. कोर्टाने तो दिलेला आहे! १९३०च्या दशकात तिथल्या बगदादी मंडळींनी बेने इस्रायलींना विश्वस्त निवडण्याच्या हक्कापासून दूर ठेवले. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे हे शनवार तेली पक्के यहुदी नाहीत, असा त्यांचा संशय. आमच्या लोकांनी रंगूनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निकाल आमच्या बाजूने लागला. भांडून मिळवलेली जागा आहे ती. आता तिथे ना ते उरले, ना आम्ही. जे विसेक आहेत, ते दोघांचीही राखण करताहेत.

साहेब, ही माणसे म्यानमारची नागरिक आहेत, आपली नाहीत, मान्य. पण १ एप्रिल १९३७पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्याआधी ९१व्या गल्लीत पुरलेला प्रत्येक माणूस आपल्याच मुलखात वारला. बहादूरशहा जफरच्या मजारीवर आपले पंतप्रधान २०१७मध्ये जाऊन आले, कालीबाडीतही गेले. बागानच्या आनंद मंदिरासाठी आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसे वर्षानुवर्षे राबली. २०२५च्या मार्चमधल्या भूकंपानंतर ‘ऑपरेशन ब्रह्मा’ची विमाने तिकडे उतरली. तेव्हा वाट अनोळखी नाही.

माझे मागणे मोठे नाही. पुरातत्त्व खात्याच्या दोघा-तिघांनी, हिब्रू वाचणाऱ्या एखाद्या माणसाला सोबत घेऊन, त्या सगळ्या कबरींचे फोटो काढावेत, अक्षरांचे ठसे घ्यावेत, नावांची यादी करावी. यादी झाली की मुंबई, कोलकाता, इस्रायल, कुठूनही माणूस आपला दगड शोधू शकेल; आणि नोंद झालेली दफनभूमी हलवताना कुणालाही दोनदा विचार करावा लागेल. जे करायचे ते मशिदीच्या विश्वस्तांना विचारून करावे. तिथल्या सरकारच्या हातात रक्कम ठेवू नये आणि भारत-इस्रायल मैत्रीचा फलकही तिथे लावू नये. त्या लोकांनी आजवर डोके खाली ठेवून दिवस काढले आहेत. आपल्या फोटोपायी त्यांच्याकडे नको त्यांच्या नजरा वळायला नकोत.

दुसरे, माणसांचे. १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, यादवी पेटली आणि प्रवासी आटले. म्हणजे तो दहावा माणूसही आटला. मुंबई, ठाणे, अलिबाग, पेण इथून तिश्री महिन्यातल्या (सप्टेंबर-ऑक्टोबर) सणांना आम्ही दहा जण आळीपाळीने जाऊ शकतो. मनाची तयारी आहे, भीती आहे ती वाटेत अडकण्याची. व्हिसाला अडचण आली, शहरात काही बिघडले, कुणी आजारी पडले, तर यांगूनच्या भारतीय दूतावासात आमची नावे आधीपासून असावीत आणि फोन उचलणारा एक अधिकारी ठरलेला असावा. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आम्ही संख्येने किती, हे बघून नव्हे. तसेच इथेही व्हावे.

पैसे नकोत. तिकीट आमचे आम्ही काढू, दशम्याही घरूनच नेऊ. येत्या रोश हशानाच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, यादीत पहिले नाव माझे धरा, आणखी सहा जण ठाण्यातच तयार आहेत. दूतावासात कुणाला भेटायचे, तेवढे कळवावे.

आपला नम्र,
ठाण्याचा एक बेने इस्रायली