जज कोणाचो?

देवगड,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू सुखरूप पोचल्याचा वहिनींचा फोन आला. पण आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. गौरीजेवणाच्या रात्री तुमच्या खळ्यात आपण दोघं भांडत होतो, ऐन रंगात भजनी मंडळी आली, पखवाज लागला आणि तू ‘फोनवर बोलू’ म्हणून उठलास. हे फोनवर बोलता येत नाही रे. तुझ्या चेंबरमध्ये कुणी ना कुणी बसलेलं असतं आणि तू नुसता ‘हं, हं’ करतोस. पितृपक्षात माझ्याकडे पक्षकार फिरकत नाहीत, तेवढी उसंत आहे. म्हणून लिहायला बसलोय.

तू म्हणालास, ‘राजीनामा दिला ना त्यांनी? मग विषय संपला.’ आरती साठे यांच्या नेमणुकीबद्दल. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या झाल्या, जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद आणि पक्ष सोडला, जुलै २०२५ च्या अखेरीस कॉलेजियमनं, म्हणजे न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटानं, मुंबई उच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव सुचवलं. रोहित पवारांनी हरकत घेतली, भाजपकडून लगेच काँग्रेसच्या खासदारकीतून न्यायाधीश झालेल्या बहरुल इस्लाम यांचं नाव पुढे आलं, आणि दोन दिवस टीव्हीवर ‘तुमचा बघा’, ‘नाही, आधी तुमचा बघा’ एवढंच चाललं. तूही त्या रात्री त्याच सुरात बोललास. त्याचं मला वाईट वाटलं, कारण आपण दोघं वकिलीच्या धंद्यात टीव्हीवाल्यांसारखं बोलण्यासाठी आलो नव्हतो.

तू गेल्यानंतर चार दिवसांनी काय झालं ते सांगतो.

माझे एक जुने पक्षकार आहेत, ऐंशीच्या आसपासचे आजोबा. चाळीसेक हापूसची कलमं आणि त्या कलमांत जायची पायवाट. शेजाऱ्यानं चिऱ्यांचा गडगा घालून ती अडवली. खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो, अपिलात हरलो. शेजारी एका पक्षाचा पदाधिकारी आहे. कुठल्या पक्षाचा ते लिहीत नाही, कारण त्यानं या गोष्टीत काही फरक पडत नाही. आता सेकंड अपील करायचं तर कोल्हापूर. मी आजोबांना समजावत होतो, की आता मुंबई करावी लागणार नाही, १८ ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मॅटर्स तिथंच जाणार, सकाळी करूळ घाटानं निघालो तर रात्री घरी. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वकिलानू, कोल्हापुराक जावया म्हणतास तर जावया. पण थंयसरले जज कोणाचे, ता बघलास?”

मी म्हटलं, “कोणाचे म्हणजे?”

“म्हंजे खंयच्या पक्षाचे.”

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे हा प्रश्न किती मायेचा आहे. बाजारात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी थांबून विचारणार, ‘कोणाचो रे तू?’ आणि पोरानं आज्याचं नाव सांगितलं की हातात खाऊ पडणार. त्याच शब्दांत, त्याच सुरात आजोबांनी न्यायाधीशांबद्दल विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. पाऊस कधी उघडेल असं विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, “जज कोणाचोच नसता.” आणि हे बोलताना मी त्यांच्याकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत होतो. तीस वर्षांच्या वकिलीत हे वाक्य मी शेकड्यांनी लोकांना सांगितलं असेल. खाली बघून पहिल्यांदा सांगितलं.

म्हणून तुझं ‘विषय संपला’ मला पटत नाही. विषय राजीनाम्याच्या कागदाचा नाहीच. जिंकलेला माणूस कोर्टाबद्दल काय बोलतो याला काडीची किंमत नाही, तो पेढे वाटतो. हरलेला माणूस घरी जाऊन पडवीत बसतो तेव्हा त्याला काय वाटतं, तेवढीच कोर्टाची खरी कमाई. ‘माझं म्हणणं ऐकलं, पण कायदा माझ्या बाजूनं नव्हता’ असं वाटलं तर तो दुसऱ्या दिवशी कलमांना आळी करायला जातो. ‘ते त्यांचेच होते’ असं वाटलं तर गडगा रात्रीचा फोडला जातो, आणि मग डोकी फुटतात. तू तिथं मुंबईला हायकोर्टात आहेस, तुला निकाल दिसतात. मला इथं निकालानंतरची पडवी दिसते.

आता तुझा दुसरा मुद्दा. राजकारणातून आलेला न्यायाधीश वाईटच असतो, असं मी म्हणतो असा तू ग्रह करून घेतलास. अजिबात नाही. आपल्याच कोर्टाचा इतिहास उलटं सांगतो. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि १८९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मिळेना, तो तय्यबजींनी दिला. आणि तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील कोण? दिनशा दावर. तेच दावर १९०८ साली न्यायाधीशाच्या खुर्चीत होते, ज्यूरीनं सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं आणि दावरांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. एका खुर्चीत काँग्रेसचा माजी अध्यक्ष, दुसऱ्या खुर्चीत टिळकांचाच जुना वकील. पूर्वायुष्यावरून तू यातलं काय ओळखलं असतंस? मी तरी काहीच ओळखू शकलो नसतो.

त्या शिक्षेच्या वेळी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ज्यूरीहून मोठ्या शक्तीबद्दल जे उद्गार काढले, ते त्याच कोर्टाच्या भिंतीवर संगमरवरात कोरलेले आहेत. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्या शिलालेखाचं अनावरण केलं. तूच मला पहिल्यांदा तो दाखवलास, आठवतं? कोकणकन्येनं रात्रभर बसून आलो होतो, कोटाला इस्त्री नव्हती, आणि तू मला कॅंटीनला न नेता आधी तिथं उभं केलंस. आपल्या चुकीची पाटी स्वतःच्या दारावर लावणारं कोर्ट, असं तू म्हणाला होतास. ते तुझं वाक्य मी इथं ज्युनिअर पोरांना कितीदा ऐकवलंय.

कृष्ण अय्यर यांचं नावही तू घेतलंस. घे की. १९५७ साली केरळच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात ते मंत्री होते. पण ते सरकार १९५९ ला गेलं आणि अय्यर न्यायाधीश झाले १९६८ ला. मधली नऊ वर्षं मोज. आणि बहरुल इस्लाम? १९७२ साली काँग्रेसच्या राज्यसभा सदस्यत्वाचा राजीनामा देऊन त्याच वर्षी गुवाहाटी उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात, १९८३ साली तिथला राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसकडून राज्यसभेत. तेव्हा ते चूक होतं ना? मग चूक हा आज दाखला कसा होतो? शेजाऱ्यानं गडगा घातला म्हणून आपणही रस्त्यात गडगा घालायचा, असा युक्तिवाद तू तुझ्या पक्षकाराला तरी करू देशील का?

दुसऱ्या टोकालाही तेच. कलकत्त्याचे अभिजित गंगोपाध्याय यांनी ५ मार्च २०२४ ला उच्च न्यायालय सोडलं, ७ मार्चला ते भाजपमध्ये होते, आणि त्याच वर्षी तमलुकहून खासदार झाले. दोन दिवस! त्यांनी दिलेला एकेक निकाल कदाचित कायद्याला धरूनच असेल. पण त्या निकालांत जो हरला, तो आज काय म्हणत असेल?

साठे यांच्या बाबतीत मधे दीड वर्ष आहे. तू म्हणशील दीड वर्ष कमी नाही. मला ते कमी वाटतं, आणि हे मी त्यांच्याविरुद्ध म्हणत नाही. त्या अभ्यासू असतील, उत्तम निकाल देतील. पण सरकारच्या बाजूनं योग्य निकाल दिला तरी बोट दाखवलं जाणार आणि विरुद्ध दिला तर ‘सिद्ध करायला दिला’ म्हणणार. पाच वर्षांचं अंतर ठेवलं असतं तर त्यांच्याच लेखणीला मोकळा वारा मिळाला असता. अंतर ठेवण्याचा नियम हा न्यायाधीशाचाही बचाव आहे, ही बाजू त्या दोन दिवसांच्या गदारोळात मी कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

आणि लोकांचाही चष्मा किती पक्का बसलाय बघ. २०२० साली कंगना राणावतचं बांधकाम पाडलं म्हणून आपल्या हायकोर्टानं शिवसेनेच्या ताब्यातल्या मुंबई महापालिकेला फटकारलं, कारवाई आकसाची ठरवली. तेव्हा नाक्यावर एका गटाचं म्हणणं, जज भाजपचे. २०२२ च्या सप्टेंबरात त्याच हायकोर्टानं केंद्रात मंत्री असलेल्या नारायण राण्यांच्या जुहूच्या बंगल्याचं बेकायदा बांधकाम पाडायला सांगितलं, वर दहा लाखांचा दंड. तेव्हा त्याच नाक्यावर दुसऱ्या गटाचं म्हणणं, जज ठाकऱ्यांचे. निकालपत्र यातल्या एकानंही वाचलं नव्हतं. रोहित देव भाजप सरकारच्या काळात राज्याचे महाधिवक्ता होते, त्यांच्याच खंडपीठानं २०२२ साली माओवाद्यांशी संबंधाच्या खटल्यातल्या प्राध्यापक जी. एन. साईबाबांना दोषमुक्त केलं, आणि पुढच्या वर्षी नागपुरात भर कोर्टात त्यांनी राजीनामा जाहीर केला. हे मी नाक्यावर सांगितलं तर लोक माझ्याकडे बघून विचारतात, ‘वकील, तुम्ही कोणाचे?’

मग करायचं काय? त्या रात्री तू हेच विचारलंस आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर एक आठवलं. २०२३ च्या जुलैत राहुल गांधींची अब्रुनुकसानीची केस सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गवईंपुढे आली. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, की माझे वडील काँग्रेसशी संबंधित होते, भाऊ अजून राजकारणात आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा. दोन्ही बाजूंनी हरकत नाही म्हटलं, मगच पुढे चाललं. पूर्वी भाजपमध्ये असलेल्या वकील व्हिक्टोरिया गौरींच्या मद्रास उच्च न्यायालयातल्या नेमणुकीविरुद्धची याचिका त्याच वर्षी फेब्रुवारीत फेटाळणाऱ्या पीठावरही तेच होते, आणि मलाही राजकीय पार्श्वभूमी आहे, ती कधी आड आली नाही, असं ते म्हणाले होते. त्या फेब्रुवारीतल्या बोलण्यानं माझं समाधान झालं नाही. जुलैतल्या बोलण्यानं झालं. पहिल्यात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ होतं. दुसऱ्यात दार उघडून ठेवलं होतं आणि तुम्हाला वाटलं तर बाहेर जा असं म्हटलं होतं. आजोबांच्या ‘कोणाचे?’ला खरं उत्तर तेच. मी अमक्याचा, हे माझं घर, आता तुम्ही ठरवा.

एवढं तरी व्हायला हवं, की पक्षात पद घेतलेल्या माणसाला किती वर्षांनी नेमायचं याचा लिखित नियम असेल. नेमणूक करताना कॉलेजियमला हे माहीत होतं का, आणि माहीत असून का योग्य वाटलं, हे दोन ओळींत छापलं जाईल. खुर्ची सोडल्यावर तिकीट घ्यायलाही तेवढीच वर्षं लागतील. आणि तुम्ही मुंबईचे वकील हे मोठ्यानं बोलाल. तुमच्या बार असोसिएशननं एके काळी न्यायाधीशांविरुद्ध ठराव केलेत, नव्वदच्या दशकात एका मुख्य न्यायमूर्तींना जावं लागलं. आता तुझ्यासारखा माणूस खळ्यात बसूनसुद्धा आवाज खाली करून बोलतो. मी पाहिलं ते. गेटाकडे बघत होतास. मित्रा, ते मला त्या नेमणुकीपेक्षा जास्त लागलं.

आजोबांचं राहिलंच. मी कागद बाजूला केले आणि त्यांना सांगितलं, की जज कुठून आले ते मला सांगता यायचं नाही, पण त्यांनी जे लिहिलं ते मी तुम्हाला मराठीत, ओळ न् ओळ वाचून दाखवीन, जिंकलो तरी आणि हरलो तरी. आपला मुद्दा त्यात घेतलाय का, आणि नाकारला तर कशासाठी, ते तुम्ही स्वतः बघा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सगळा वाचशात? मधला सोडूचा नाय.”

“सोडणार नाही.”

“मगे जावया.”

वकीलपत्रावर सही केलीय त्यांनी. निकालाच्या नकलेचा अर्ज टाकलाय, ती हातात आली की दसऱ्यानंतर अपील दाखल करीन. सेकंड अपिलाचं तुझं ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा चांगलं आहे. कायद्याचा प्रश्न मी दोन प्रकारे मांडून पाठवतो, कुठला टिकेल ते सांग. वहिवाटीच्या हक्काचे दोन-तीन नवे निकाल मिळाले तर तेही पाठव. आणि अपील दाखल करून घ्यायचं की नाही त्याची, अ‍ॅडमिशनची तारीख लागली की एक दिवस काढून कोल्हापूरला ये. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात आता हायकोर्ट बसतंय, कॉलेजात असताना त्याच्या समोरून आपण किती वेळा सायकली हाकल्या. आजोबा सोबत येणार म्हणतायत, त्यांना घाटात उलटीचा त्रास आहे, म्हणून पुढची सीट त्यांची.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आईनं दिलेली आमसुलं डब्यातून काढून उन्हात ठेव, नाहीतर मुंबईच्या दमटपणात बुरशी येईल.

तुझा,
देवगडकर