मिरजेचा पाकीटमार

प्रिय सुऱ्या,

सहा महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. घाल शिव्या. तब्येत ठीक, शुगरची एक गोळी वाढली.

परवा रिचमंडच्या पुलावरून सॅन राफेलला चाललो होतो. पलीकडच्या टोकाला, पाण्याला लागून सॅन क्वेंटिनचा तुरुंग दिसतो. एकदम पेद्रूची ती घासलेली कॅसेट आठवली. मर्ल हॅगार्ड, तो अमेरिकन कंट्री गाणारा, त्याचं ‘मामा ट्राइड’. तू म्हणायचास, रडका बेवडा. (आणि तुझा तलत काय हसायचा?) अरे, तो खरंच ह्याच तुरुंगात होता, 1958 ते 60. एकविसावं त्याला तिथंच लागलं. नऊ वर्षांचा असताना बाप गेला, मग पोरगा आईला आवरेना. बेकर्सफील्डला दारू पिऊन हॉटेल फोडायला गेले. मागचं दार उचकटतायत, आणि हॉटेल चालू! ह्यांना वाटलं रात्रीचे तीन, वाजले होते दहा. स्वतःच सांगायचा. आपण निदान घड्याळ बघून माती खायचो.

गाण्यात म्हणतो, जन्मठेप झाली. प्रत्यक्षात तीन वर्षंही पुरती भरली नाहीत. स्वतःचं पाप वाढवून सांगितलं गड्यानं, पण आईला सोडवलं. तिनं सगळं केलं, वाया गेलो तो मी. 1968 चं गाणं, आई जिवंत होती तेव्हा. तिनं ऐकलं असणार.

आणि माझी आई? गेल्या रविवारी फोनवर भिशीच्या हिशेबावरून घसरली ती थेट मिरज स्टेशनवर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, अजून त्या पाकीटमाराला सोडत नाही. ‘मेल्याच्या हाताला किडे पडोत.’ मी माझ्या हाताकडे बघत बसलो. मग हळूच म्हणाली, ‘चूक माझीच, एवढ्या पोराजवळ फीचे पैसे द्यायलाच नको होते.’

सुऱ्या, मी फक्त तीन पत्तीत हरलो होतो, तेही तुझ्या खोलीवर. मिरज स्टेशन तुझ्या डोक्यातून निघालं. (शेवटच्या डावात पॅक करत होतो, तूच बसवलंस. विसरलेलो नाही.) पाटल्या सोडवायला तिला तीन वर्षं लागली.

आता सांगू का? मी मोकळा होईन, पण ह्या वयात तिनं शिव्या कुणाला घालायच्या? शिवाय तुझं नाव निघणार, आणि तू तिच्या लेखी अजून गुणी पोरगा.

वहिनींचा गुडघा बरा असेल. धाकटीचं जमलं का? कळव.

रविवारच्या आत एकदा घरी जाऊन तिचा अंदाज घे. शेंगदाण्याची चटणी दिल्याशिवाय ती सोडणार नाही. मुकाट्यानं घे, आणि मिरजेचा विषय निघाला तर तोंड उघडू नकोस.

तुझा,
पम्या