रविवारी पहाटे टेप घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी सव्वासहाला नेहमीचा वॉक नाही, फूटपाथची मोजणी आहे. जमायचं सांगलीच्या आमराईच्या गेटवर. तिथून राजवाडा चौक, गणपती मंदिर आणि शेवटी कृष्णेचा घाट. महापालिकेला द्यायच्या निवेदनात ‘फूटपाथ खराब आहेत’ एवढंच लिहिलं तर कोणी वाचणार नाही. आकडे हवेत.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे (आयआरसी १०३) फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. परवा एका चौकात विजेचा डीपी आणि टपरीचा पाण्याचा ड्रम यांच्यामधली जागा मी मोजली: १ फूट १० इंच. छत्री उघडून जाता येत नाही!

• सायकलवाल्यांनी सायकल आणावी, हातात धरून चालावं. कुठे उचलावी लागते ते टिपायचं आहे.
• फोटोत माणसं, टपऱ्यांच्या पाट्या नकोत. भांडण फेरीवाल्यांशी नाही.
• वाटेतले मोकळे प्लॉट टिपा. विकास आराखड्यात मोकळ्या जागा आणि हरितपट्टे राखायची तरतूद १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे. या मोकळ्या जागा एकमेकांना जोडा, एवढंच आपलं मागणं.
• घाटाजवळ सिमेंटचा ट्रॅक कृपया सुचवू नये. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर होतं, विसरलात?

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. चहा घाटावर, ज्याचा त्याने.