लाईटहाऊसवाल्या काकांना, बाबांच्या वतीने थँक्यू

काका, तुमचं नाव इथे मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही, पण शनिवारी तुम्ही आमच्या बाबांना जो वेळ दिलात त्याबद्दल सगळ्यांसमोर थँक्यू म्हटल्याशिवाय मला राहवत नाहीये.

बाबांचे गुडघे पार गेलेत, तो गोल जिना त्यांना झेपणार नव्हताच, ते घरूनच ठरवून निघालेले की पोरं वर जातील, मी खाली बसेन. अशा माणसाला लोक खुर्ची देतात आणि पुढे जातात. तुम्ही खुर्ची दिलीत, शेजारी दुसरी ओढून स्वतः बसलात आणि म्हणालात, "खरं मशीन खालूनच कळतं."

मग बॅटरी मारून वर दाखवलंत, की जिन्याच्या मधली पोकळी उगाच नाहीये, तिथे दोराला जड वजन टांगलेलं असायचं, ते हळूहळू खाली उतरायचं आणि त्याच्या ओढीने वरचं भिंग फिरायचं, आणि वजन तळाला यायच्या आत कीपरने परत चावी देऊन ते वर चढवायचं, असं रात्रभर, बाहेर वादळ असो नाहीतर अंगात ताप. बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत हे तुम्हाला माहीतच नव्हतं. त्यांचा पहिला प्रश्न, मग स्पीड एकसारखा कसा राहायचा? तुमचा चेहराच खुलला! प्रत्येक लाईटहाऊसचा झोत ठरावीक सेकंदांनी येतो, त्यावरूनच जहाजवाले ओळखतात आपण कुठे आहोत, म्हणजे स्पीड चुकला तर जहाज चुकणार, म्हणून गव्हर्नर, म्हणजे स्पीड आपोआप एकसारखा ठेवणारा भाग. आम्ही वरून उतरलो तरी तुमचे दोघांचे हातवारे चालूच.

आणि तो जुन्या भिंगातला सुटा लोलक, कोपरा उडालेला, तो तुम्ही बाबांच्या हातात दिलात. बाबा चष्मा कपाळावर ढकलून, डोळ्याजवळ धरून त्याची कड बघत होते, दुकानात बघायचे अगदी तसंच. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका जाड भिंगाऐवजी असे लोलक गोलात रचले, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन लाईटहाऊसमध्ये त्याचं भिंग पहिल्यांदा लागलं, हे बाबा आता घरी येईल त्याला सांगतात.

कड्यावरच्या वाटेबद्दल पण थँक्यू, वेगळं. निघताना तुम्ही बजावलंत, की लाटा कडा खालून पोखरतात, वर गवत हिरवंगार दिसतं पण त्याच्याखाली कधीकधी नुसती हवा असते, आणि कडेला समांतर भेग दिसली की तिच्या पलीकडे पाय नाही टाकायचा, पावसानंतर तर नाहीच. ती भेग आम्हाला खरंच दिसली, बोटभर रुंद, गवतात लपलेली, आणि फोटोसाठी पुढे निघालेल्या भाच्याला मी तिथूनच मागे ओढलं. ही गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी होती.

बाबांनी गव्हर्नरचं चित्र काढलंय, बाजूला बारीक अक्षरात शंका लिहिल्यात, काही मला वाचताही येत नाहीत. थंडी सुरू झाली की त्यांना घेऊन येतोय, त्या दिवशी जरा जास्त वेळ काढून ठेवा.